काशाची मूद

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुनी, ते विचारू नका. विचारलेत तर मी काहीतरी ठोकून देईन आणि तुम्ही भोळी माणसे ते खरे मानाल. तर बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या आजोबांनो, जुन्या काळची म्हटले की गप्प ऐकायचे.

एका डोंगरावर एक नगर होते आणि नगरात एक राजा होता. राजा तसा बरा होता. पण राग आला की त्याला थोडक्यात भागवता येत नसे.

एके सकाळी राजा दुधाचा पेला तोंडाला लावतो तो काय, पेल्यातून एक इवलासा बेडूक त्याच्याकडे बघतोय! राजा ओरडला. बेडूकही ओरडला. दूधवाल्याला धरून आणले.

"महाराज," दूधवाला हात जोडून म्हणाला, "आमची म्हैस नदीत फार वेळ डुंबते. तिकडूनच कुठूनतरी आत गेला असेल."

आता दुधात नदीचे पाणी ओतण्याच्या या गाढवपणाला दूधवाल्याच्या पाठीत चार फटके घालून विषय संपवायचा की नाही? पण नाही. राजाने दवंडी पिटवली: "आजपासून राज्यात भेसळ बंद! कुणीही दोन वस्तू एकत्र ओतू नयेत, एकत्र शिजवू नयेत, एकत्र वितळवू नयेत. जो हे करील त्याला गाढवावर उलटे बसवून सीमेपार हाकलण्यात येईल."

या कायद्यावर देखरेख करायला राजाने एक पंत नेमले. हे पंत सदा हातात गाळणी घेऊन फिरत, म्हणून लोक त्यांना गाळणीपंत म्हणू लागले. माणूस प्रामाणिक होता हो! लाच खात नसे, झोप काढत नसे. असली माणसे चुकीच्या कामाला लागली की मग देवच राखो.

गाळणीपंत घराघरांत शिरले. खिचडी दिसली की डाळ वेगळी, तांदूळ वेगळे निवडायला बसवीत. भातावर वरण ओतायची बंदी झाली. लोक एक घास कोरड्या भाताचा खात, मग एक घोट वरणाचा पीत, आणि पोटात गेल्यावर काय होते त्याबद्दल कुणी बोलत नसे. लग्नात एका भटजीने "दोन कुळे एकत्र आली" असे म्हटले, तर पंतांनी त्याला चावडीवर नेऊन जाब विचारला.

त्याच नगरात सटवाजी ओतारी राहत होता. ओतारी म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा. तांब्यात थोडे कथील मिसळायचे की त्याचे कासे होते, आणि काशाच्या वस्तू घडवण्यात सटवाजीचा हात कुणी धरू शकत नसे. हे मी सांगायची गरज नाही. तो स्वतःच दिवसातून दहादा सांगे. "सटवाजीचा टाळ वाजला की शेजारच्या राज्यात लोक माना डोलावतात," असे तो बाजारात उभा राहून म्हणायचा. त्याची बायको बनाई मागून म्हणायची, "आणि सटवाजीचे तोंड वाजले की आपल्या राज्यातले लोक कान झाकतात."

गाळणीपंत सटवाजीच्या भट्टीवर आले.

"हे काय आहे?" त्यांनी एक वाटी उचलून विचारले.

"कासे," सटवाजी म्हणाला.

"म्हणजे काय?"

"तांबे आणि कथील."

"दोन वस्तू?"

"दोन होत्या. आता एक आहे."

"एकत्र वितळवलेस?"

"नाही तर काय, एकमेकांना पत्र लिहायला लावू?"

झाले! भट्टी बंद. वाट्या, टाळ, घंटा, सगळे जप्त. ज्या ओताऱ्याने ओतायचे नाही, त्याने करायचे काय? सटवाजी दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडू लागला.

आता नगर डोंगरावर, आणि पाण्याला एकच खोल विहीर. विहिरीवर भला मोठा रहाट. बैल गोल फिरत, रहाट फिरे, पाणी वर येई. रहाटाचा जाड लोखंडी दांडा एका काशाच्या कड्यात फिरायचा. सटवाजीच्या आज्याने ते कडे घडवले होते आणि ते अजून ठणठणीत होते. गाळणीपंतांनी ते पाहिले, नाक मुरडले आणि काढून टाकले. "इथे शुद्ध तांब्याचे कडे बसवा," त्यांनी हुकूम सोडला.

तेवढ्यापुरती भट्टी उघडून सटवाजीने शुद्ध तांब्याचे कडे करून दिले. तांबे मऊ. आठवडाभरात ते कडे झिजून लंबुळके झाले आणि दांडा आत लटपटू लागला. मग शुद्ध लोखंडाचे बसवले. लोखंडावर लोखंड घासून अशी काही किंकाळी उठू लागली की नगरातली तान्ही मुले एकदम रडायची आणि म्हातारे देवाला आठवायचे. पुढे तो दांडाच अडकून बसला. मग शुद्ध कथलाचे बसवले. ते तर बैलांनी एक फेरी मारायच्या आत चपटे झाले.

नगराच्या तोंडचे पाणी पळाले. अगदी खरोखरचे पाणी. बायका घागरी घेऊन डोंगर उतरायच्या आणि चढताना राजाचा, पंतांचा आणि त्या बेडकाचा उद्धार करायच्या.

राजाने सटवाजीला दरबारात बोलावले.

"पंत म्हणतात, तू मुद्दाम कच्ची कडी देतोस. खरे का?"

"महाराज, मला कासे ओतू द्या. उद्या पाणी वर येईल."

"कायदा म्हणजे कायदा!" राजा ताठ झाला. "येत्या अमावास्येपर्यंत न झिजणारे कडे आण. कायद्यात बसणारे आण. नाही आणलेस, तर बायकोसकट सीमेपार. भट्टी पाडून टाकू."

सटवाजी घरी आला तो भिंतीला टेकून खालीच बसला. नेहमी वाजणारे तोंड बंद. त्या भट्टीची वीट न् वीट त्याच्या आज्याने रचली होती. सटवाजीचा जन्म तिच्या उबेला झाला होता. ती पडणार, या विचाराने त्याला रडू आले आणि तो बायकोसमोर मोकळेपणी रडला. बनाईने पदराने त्याचे तोंड पुसले. "रडायचे असेल तर जेवून रडा," ती म्हणाली आणि पान मांडले.

पानात कोरडा भात. वरण ओतायचे नाही, तूप घालायचे नाही, त्यामुळे भात पानभर पसरायचा आणि बघवत नसे. म्हणून बनाई आताशा भात वाटीत घट्ट दाबून त्याची मूद पाडायची. तिने वाटी उलटी केली, बुडावर एक चापटी मारली. गोल, गुळगुळीत मूद पानात बसली.

सटवाजी मुदीकडे बघतच राहिला.

"काय झाले? केस निघाला का?" बनाईने विचारले.

"बने, ही शितं वेगळी वेगळी होती ना?"

"मग? भात शितांचाच असतो."

"आणि आता बघ, एक झालीत. तू ओतलेस का काही? वितळवलेस का?"

"नुसते दाबले. तुमच्या डोक्याला ऊन लागले का?"

सटवाजी न जेवताच उठला. दवंडीचे शब्द तो पुन्हा पुन्हा घोळवू लागला. ओतू नयेत, शिजवू नयेत, वितळवू नयेत. दाबू नयेत, असे कुठे म्हटले आहे? भाजू नयेत, असे तरी कुठे म्हटले आहे? त्याने कानस काढली आणि तांबे घासायला बसला. खरखर, खरखर. तांब्याचा बारीक चुरा झाला. मग कथलाचा चुरा. दोन्ही चुरे त्याने बनाईच्या परातीत कालवले, लोखंडी साच्यात भरले आणि वरून लोखंडी दट्ट्या ठेवला.

दट्ट्यावर घण कोण घालणार? बनाई. तिने पदर खोचला आणि प्रत्येक घावाला गाळणीपंतांचे नाव घेतले. चुरा असा काही दाबला गेला की काय सांगू! साच्यातून अख्खे कडे बाहेर आले. दोघांना आनंद झाला. सटवाजीने ते उचलले आणि त्याचा हातातच भुगा झाला.

"भाजायला हवे," सटवाजी म्हणाला.

पुढचे कडे त्याने भट्टीत घातले. आच जास्त झाली आणि कड्याचे पाणी झाले. म्हणजे वितळले! म्हणजे गुन्हा! बनाईने तो गोळा घाईघाईने चुलीच्या राखेत लपवला, कारण गल्लीत गाळणीपंतांचा खोकला ऐकू येत होता. तिसरे कडे उघड्या आगीत जळून कोळसा झाले. चौथ्याला तडा गेला. सटवाजी घामाघूम, बनाईचे दंड सुजलेले, आणि आभाळातला चंद्र रोज थोडा थोडा बारीक होत चाललेला.

शेवटी सटवाजीने कडे मातीच्या मुशीत कोळशाच्या भुकटीत पुरले, वरून झाकण लिंपले आणि मंद आचेवर भाजत ठेवले. थंड झाल्यावर काढले. कडे शाबूत होते! दगडावर वाजवले तर टणक लागले. पण उजेडात धरले तर अंगभर बारीक बारीक भोके, सुईच्या टोकाहूनही लहान.

सटवाजीने कपाळाला हात लावला. "ओतलेले कडे कसे आरशासारखे असते! याला तर देवी आल्यात! मी, सटवाजी ओतारी, हे राजापुढे ठेवू?"

त्याने ते बाजूला भिरकावले. ते नेमके बनाईच्या तेलाच्या वाडग्यात पडले. ती चिमट्याने काढायला गेली, तोवर दुसरे काम निघाले. परत येऊन बघते तर वाडग्यात तेल निम्मे!

"अहो, तेल कुठे गेले? मांजर आले होते का?"

मांजर कुठले? तिने कडे काढून पुसले. कोरडे ठाक दिसले. जरा उन्हात ठेवले, तर त्याच्या अंगावर तेलाचा घाम फुटला. सावलीत आणले, तर घाम परत आत गेला.

"मेले तेल पिऊन बसलेय!" बनाई करवादली.

सटवाजी उभ्या जागी नाचू लागला. "अगं, तेच तर हवे! दांडा फिरून तापला की हे आपणहून तेल सोडील. थांबला की परत पिऊन घेईल! बने, ही भोके नाहीत, ही कोठारे आहेत!"

मग तो गंभीर झाला. "आणि राजाला काय सांगायचे ते मी ठरवले आहे. सांगायचे, की हे मिश्रण नाहीच. तांबे तांब्याच्या जागी, कथील कथलाच्या जागी. दोघांना नुसते शेजारी बसवले आहे."

"पण ते तसे बसलेत का?"

"छे गं! आत भाजताना पार एक झालेत. पण कोण बघायला जातोय?"

"हे बोलू नका," बनाई म्हणाली. "जे आहे ते सांगा."

नवऱ्याने ऐकले असते तर गोष्ट इथेच संपली असती आणि मला पाणी प्यायला मिळाले असते. पण नवरे!

अमावास्येच्या सकाळी विहिरीभोवती सगळे नगर जमले. राजा आला, पंत आले, आणि एका कोपऱ्यात शिपाई गाढवही घेऊन आले. कडे बसवले. बैल चालू लागले. रहाट फिरला आणि आवाज म्हणून नाही! बैल दोन पावलांवर थांबले आणि मागे वळून बघू लागले. एवढे दिवस किंकाळ्यांची सवय. त्यांना वाटले, रहाट फिरतच नाही, उगाच कशाला चाला? त्यांना चुचकारून पुन्हा जुंपले. पाणी वर आले, पाटातून खळखळले, आणि बायकांनी असा जल्लोष केला की राजाही टाळ्या वाजवू लागला.

"शाब्बास!" राजा म्हणाला. "पण हे कायद्यात बसते ना?"

सटवाजी छाती काढून पुढे आला. "महाराज, मी ओतले नाही, शिजवले नाही, वितळवले नाही. तांबे आणि कथील शेजारी शेजारी बसवलेत. दोघेही आपापल्या जागी शुद्ध."

राजा खूश झाला. पण गाळणीपंत पुढे सरकले. त्यांनी सटवाजीने सोबत आणलेले दुसरे कडे उचलले, उलटसुलट पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "शेजारी बसलेत ना?"

"हो."

"मग उठव त्यांना."

"अं?"

"पाहुणे बसले की उठतातही. हे तांबे इकडे ठेव, हे कथील तिकडे ठेव. आणि ही गाळणी घे, लागली तर."

सगळे हसले. सटवाजी हसला नाही. त्याने कडे हातात घेतले, इकडे फिरवले, तिकडे फिरवले. कोपऱ्यातल्या गाढवाने कान हलवले. बनाई गर्दीत उभी होती. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली, आणि ते बघणे सटवाजीला घणापेक्षा जड झाले.

"नाही उठत, महाराज," तो हळूच म्हणाला. "एक झालेत. आता ब्रह्मदेव आला तरी वेगळे होणार नाहीत. हे कासे आहे."

"म्हणजे भेसळ!" राजा गरजला. "आणा रे गाढव!"

"नाही!" सटवाजी ओरडला. त्याला स्वतःलाच नवल वाटले, पण आता तो थांबेना. "महाराज, मला हाकला, पण त्याला भेसळ म्हणू नका! दूधवाल्याला विचारा, तू काय विकलेस? म्हणेल, दूध. होते काय? पाणी! माझ्या आज्याला विचारले असते, तू काय विकलेस? तो म्हणाला असता, कासे. आणि होते काय? कासेच! तांब्यात किती कथील घातले ते तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा. आमच्या सात पिढ्यांत कुणी काशाला तांबे म्हणून खपवले नाही. त्यात लपवायचे काय? एकटे तांबे झिजले, एकटे कथील चेपले, आणि दोघे मिळून तुमच्या नगराला पाणी पाजताहेत!"

मागे पाटात पाणी खळखळत होते.

राजा त्यातले ओंजळभर पाणी प्याला आणि त्याने दाढी खाजवली. "पंत," तो म्हणाला, "माझे जरा चुकलेच. राग दूधवाल्याचा होता आणि मी तो भांड्यांवर काढला."

पंतांनी मान डोलावली. मग ते म्हणाले, "मान्य, महाराज. पण एक राहिले. घटकाभरापूर्वी हाच आपल्याला म्हणाला, की तांबे आणि कथील नुसते शेजारी बसलेत. ते काय होते?"

सगळे सटवाजीकडे बघू लागले. सटवाजीने मान खाली घातली.

"ती मात्र भेसळ होती, महाराज," तो म्हणाला. "खऱ्यात खोटे घातले आणि खरे म्हणून तुमच्या पुढे ठेवले. बायकोने नको म्हटले होते."

राजा पोट धरून हसला. मग त्याने न्याय सांगितला. "कडे निर्दोष. भट्टी सुरू कर, वाटेल ते मिसळ, फक्त काय मिसळलेस ते सांगून विक. आजपासून राज्यात हाच कायदा. पंत, ती गाळणी ठेवा आणि यापुढे दुकानादुकानांत जाऊन एवढेच विचारा, यात काय काय आहे? आणि सटवाजी, कड्याला शिक्षा नाही, पण तुला आहे. गाढवावर उलटा बस. सीमेपार नको, नगरात एकच फेरी मार. चौकाचौकात ओरडायचे: कड्यात भेसळ नाही, माझ्या बोलण्यात होती!"

सटवाजीला गाढवावर उलटे बसवले. शिपाई दोर धरू लागला, तर बनाईने त्याच्या हातून हिसकावून घेतला. "माझा नवरा आहे. त्याला दुसऱ्या कुणी ओढायचे नाही," ती म्हणाली आणि ऐटीत पुढे चालू लागली.

तुम्ही म्हणाल, या गोष्टीत गाढव काही बोलले नाही का? नाही. या गोष्टीत बोलायला माणसेच पुष्कळ होती.

पहिल्या चौकात सटवाजी पुटपुटला. दुसऱ्या चौकात लोक म्हणाले, "ऐकू आले नाही!" तिसऱ्या चौकापर्यंत त्याला आपल्याच आवाजाची गोडी लागली. "कड्यात भेसळ नाही! माझ्या बोलण्यात होती!" मुले मागे धावत होती, खिडक्यांतून म्हाताऱ्या डोकावत होत्या.

तेवढ्यात एक गाडीवान आडवा आला. "सटवाजी, तुझे ते तेल पिणारे कडे माझ्या गाडीच्या चाकाला बसेल का?"

"बसेल की!"

"जन्मभर टिकेल?"

सटवाजीची छाती फुगली. "जन्मभर? अरे, तुझ्या नातवा..."

बनाईने दोराला एक झटका दिला. गाढव थबकले आणि सटवाजीचा शब्द घशातच अडकला.

"खरे सांगू?" तो म्हणाला. "मधूनमधून तेलात बुडवून ठेवावे लागेल. आणि दगडावर जोरात आपटलेस तर फुटेल. ओतलेल्या काशाइतके ते चिवट नाही. पण सांभाळलेस तर ओरडणार नाही."

गाडीवानाने डोके खाजवले. "ज्याने मालाचा दोष आपल्याच तोंडाने सांगितला, असा दुकानदार मला अजून भेटलाच नव्हता," तो म्हणाला. "दोन्ही चाकांना दे."

हे ऐकून त्याच्या मागचा तेली पुढे आला, तेल्याच्या मागचा कुंभार आला. फेरी संपली तेव्हा गाढवामागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती आणि उलटा बसलेला सटवाजी, एकेकाच्या तोंडाकडे बघत, कड्यात काय आहे आणि काय नाही ते सांगत होता. तशीच ती रांग त्याच्या भट्टीच्या दारापर्यंत गेली. भट्टी पेटली ती पुन्हा विझली नाही.

तात्पर्य: मिसळण्यात पाप नाही, मिसळलेले लपवण्यात आहे.